एक वाजताची पाच मिनिटे

स्कावा नदीकाठच्या त्या गावात, चर्चच्या पायऱ्यांपाशी, पांढऱ्या लायलकचा गुच्छ हाती धरून एक पुरुष उभा होता. काळा सूट, नवे बूट, ताठ मान. आणि मुद्रेवर अशी प्रसन्न अधीरता, की जणू उत्सवाचा आरंभ त्याच्याचसाठी खोळंबला असावा. घाईने पायऱ्या उतरणारी बोग्ना त्याच्यावर आदळता आदळता सावरली. गुच्छातली चार फुले तिच्या खांद्यावर सांडली... आणि तिने वर पाहिले.

तो विटोल्ड होता. नऊ वर्षांनी.

“वेळेवर पोचलो ना?” तो हसत म्हणाला. “हेल्का आत गेली का? तिची मेणबत्ती मलाच पेटवायचीय.”

बोग्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हेल्काचं पहिलं कम्युनियन गेल्या रविवारी झालं, महाशय. पहिला पवित्र प्रसाद घेऊन झाला तिचा. आज त्यानंतरच्या, पांढरे झगे घालायच्या शुभ्र सप्ताहाचा शेवटचा दिवस आहे. मेणबत्ती मी पेटवली. एकटीनं.”

“पण आपल्याकडे तर नेहमी मेच्या तिसऱ्या रविवारी—”

“नवे फादर येऊन चार वर्षं झाली, त्यांनी रविवार बदलला. इथे असतास तर कळलं असतं!”

हेल्का ही बोग्नाच्या बालमैत्रिणीची, लुडमिलाची कन्या. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी बोग्नाने धर्ममाता म्हणून त्या तान्ह्या जिवाला हातांवर तोलले होते, आणि मुलीच्या वडिलांचा चुलतभाऊ विटोल्ड याने धर्मपिता म्हणून तिची मेणबत्ती उजळली होती. त्या ज्योतीवरून दोघांची दृष्टी क्षणभर एक झाली, आणि बोग्नाला वाटले, हा आता काहीतरी बोलणार... तो बोलला खरा. परंतु पुढच्या आठवड्यात, निघालेल्या बसच्या पायरीवरून. “येईन कधीतरी!” एवढेच. नॉर्वेच्या जहाजगोदीत गेला तो गेलाच. त्या ‘कधीतरी’चा राग बोग्नाने, वाऱ्यात दिवा जपावा तशा निगुतीने, नऊ वर्षे जपला होता.

त्या रागाला त्याच दुपारी परीक्षेला बसावे लागले. कम्युनियनची भेट म्हणून हेल्काने घड्याळ नाकारले होते, सायकल नाकारली होती. तिला हवा होता थीम पार्कमधला एक अखंड दिवस. सोबत दोन्ही भाऊ आणि धर्ममाता-धर्मपिता. आईबाबा नकोत, कारण ते काय, रोजच असतात. विटोल्डचे विमान मंगळवारी पहाटे होते, म्हणजे उरला केवळ सोमवार. शाळा बुडणार होती. त्याविषयी मात्र कुणाचीच तक्रार नव्हती.

लुडमिलाने दोघांना मागच्या अंगणातल्या टेबलापाशी बसवले आणि मध्ये चीजकेक ठेवला.

“भांडा हवं तेवढं,” ती म्हणाली. “पण उद्याचा बेत ठरल्याशिवाय उठायचं नाही.”

बोग्नाचा बेत तयारच होता. तिन्ही मुलांना दाराच्या चौकटीशी उभे करून तिने त्यांच्या उंच्या मोजल्या होत्या, आणि आखलेल्या कागदावर तासातासाचा हिशेब मांडला होता.

“ऐक. चौदा वर्षांचा गुस्ताव तुझ्याकडे. त्याला सगळ्या रोलर कोस्टरवर सोडतात. चार वर्षांचा कोस्तेक माझ्याकडे, छोटी आगगाडी आणि बदकांच्या होड्या. हेल्का एक वाजेपर्यंत माझ्याजवळ, मग तुझ्याजवळ. तिची अदलाबदल कारंज्यापाशी. पाच मिनिटं.”

“आणि जेवण?”

“तुमचं बाराला, आमचं सव्वाएकला.”

“म्हणजे अख्ख्या दिवसात आपली गाठ पाच मिनिटांची!”

“तीही पोरीसाठी. नाहीतर तीन पुरली असती.”

“हा सहलीचा बेत आहे बोग्ना, की दोन देशांतला तह?”

“तह कसला? सरहद्द आहे.”

“मला ड्रॅगनवर बसायचंय!” टेबलाखालून कोस्तेक ओरडला. त्याच्या नाकाला केक लागला होता.

“तू अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर आहेस, राजा. त्या रोलर कोस्टरला एकशेवीस लागतात.”

“मी उद्या मोठा होईन!”

“मी एकटाच फिरेन,” कुंपणाला टेकलेला गुस्ताव मोबाइलमधून डोके न काढता म्हणाला. “मला काका-मावशी कशाला?”

“तू गप्प बस!” दोघे एकदमच कडाडले. क्षणभर दोघांच्या ओठांशी हसू आले... परंतु बोग्नाने ते गिळून टाकले.

इतक्यात हेल्का आली. शुभ्र झग्याला डाग लागू नये म्हणून तिने तो एका हाताने उचलून धरला होता. दुसऱ्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

“काका, तुमची सगळी कार्डं आहेत यात. एकही हरवलं नाही.”

“माझी... कार्डं?”

बोग्नाने घाईघाईने सुरी उचलली आणि ती स्वच्छ असूनही पुसू लागली.

डब्यात नऊ वाढदिवसांची नऊ कार्डे होती. विटोल्डने एक उघडले. ‘माझ्या शूर हेल्काला— दात पडला म्हणून रडू नकोस, सगळ्या खलाशांचे पडतात. तुझा विटोल्डकाका.’ त्याने दुसरे उघडले, तिसरे उघडले. आणि मग समोरच्या बेताच्या कागदाकडे पाहिले. तेच डावीकडे झुकलेले अक्षर. त्याच ठाम, रागीट आडव्या रेघा.

“बोग्ना... हे तू?”

“मग काय करणार होते?” तिने सुरी आपटली. “पोरीला धर्मपिता हवा होता. खरा मिळेना, म्हणून मी एक बनवला! आणि तुझ्यापेक्षा बरा होता तो. त्याच्या लक्षात वाढदिवस राहायचे!”

बोलून गेल्यावर तिला हेल्काचे भान आले. बोग्नाचा चेहरा उतरला.

“मला पहिलीपासून माहितीये, मावशी,” हेल्का शांतपणे म्हणाली. “तुझ्या बाजारच्या याद्या अशाच असतात.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू ती कार्डं लिहिताना एवढी खूश असायचीस... मी दारातून बघायचे.”

बोग्नाला वाटले, उठावे आणि थेट नदी गाठावी. विटोल्डने मात्र हसण्याचे धाडस केले नाही. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यापुढे धरला.

“हा निरोपही तुझाच. वाच.”

‘हेल्काचं कम्युनियन मेमध्ये आहे. लाज असेल तर ये.’

“तारीख कुठेय, बोग्ना?”

तिने दोनदा वाचले. तारीख नव्हती. रागाच्या भरात ती लिहायचीच राहून गेली होती.

“मग... मग विचारायचं!”

“तुला? भीती वाटली.”

“कशाची?”

“येऊ नकोस म्हणशील, याची.” त्याचा स्वर खाली गेला. “बसच्या पायरीवरही तीच वाटत होती. थांबशील का, असं विचारायचं होतं. भलतंच तोंडातून निघालं.”

“नऊ वर्षं लागली तुला एवढं सांगायला? नऊ?” तिचे डोळे भरून आले, आणि त्या डोळ्यांचाही तिला संताप आला.

हेल्काने तेवढ्यात बेताचा कागद ओढला आणि कोस्तेकच्या पेन्सिलीने त्यावरची पाच मिनिटे खोडली.

“एक वाजता आम्ही तिघं छोट्या आगगाडीत. तुम्ही दोघं मोठ्या लाकडी रोलर कोस्टरवर. मग सगळे एकत्र जेवू.”

“अगं, पण कोस्तेकला कोण—”

“मी बघतो पिल्लाला,” गुस्ताव म्हणाला. या वेळी त्याने डोके वर काढले होते.

“माझी भेट आहे,” हेल्काने निकाल दिला, आणि दोन्ही भावांना घेऊन ती आत गेली.

“मला उंचीची भीती वाटते,” बोग्ना पुटपुटली.

“मलाही.”

“तू जहाजांच्या शिड्यांवर काम करतोस!”

“म्हणून तर खात्रीनं सांगतोय.”

तिला हसू फुटले. हसलो याचा राग आला, म्हणून तिने त्याच्याकडे अधिकच डोळे वटारून पाहिले.

“बोग्ना, मी परत येतो. कायमचा. गोदीत सांगून टाकतो.”

“केव्हा?”

“कधी—”

“तो शब्द पुरा केलास, तर हा उरलेला केक तुझ्या सुटावर!”

विटोल्ड थांबला. त्याने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि बेताच्या कागदाच्या तळाशी, आपल्या जाडसर, अनभ्यस्त अक्षरात लिहिले: ‘तीस जून. सकाळची बस.’ थोडे अडखळून पुढे लिहिले: ‘थांबशील?’

वाऱ्याने कागद उडू पाहत होता. बोग्नाने तो तळहाताने दाबून धरला. त्याची बोटे तिच्या बोटांना लागली. तिने हात काढून घेतला नाही. तिने त्या दोन ओळी वाचल्या. भुवया अजून चढलेल्याच होत्या. मग दुसऱ्या हाताने तिने स्वतःचे पेन त्याच्यापुढे आदळले.

“पेन्सिलीनं नको,” ती म्हणाली. “शाईनं लिही.”