साखळी वर

सायकल आडवी ठेवायची तर डाव्या कुशीवर ठेवायची, म्हणजे साखळी वर राहते. उजव्या कुशीवर टाकली की साखळीत खडी, गिअरमध्ये माती, आणि मग दुरुस्तीवाल्याच्या नावाने बोटं मोडायला मोकळे. सायकल दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून थोरलीने हे किती गिऱ्हाइकांना बजावलं असेल, देव जाणे. गिऱ्हाइकं ऐकायची, घरचा माणूस तेवढा ऐकत नसे. तिचा धाकटा भाऊ उतरला की सायकल हातातून सोडून द्यायचा, पडेल तशी. "साखळी वर!" ती ओरडायची. "हो गं ताई," तो म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्याला सगळे शेपूट म्हणत. चालायला लागला तेव्हापासून तो ताईच्या मागे मागे असे. ती शाळेत निघाली की हा फाटकापर्यंत, ती मैत्रिणीकडे गेली की हा पायरीवर. आता दाढी आली, नोकरी लागली, तरी नाव सुटलं नव्हतं आणि सवयही.

गेल्या वर्षी एका खडीच्या उतारावर थोरलीने तो येतोय ना हे बघायला मान वळवली. तिचं चाक भरकटलं, आणि मागून येणारा शेपूट तिच्यावर आदळून उताराखाली गेला. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि जुळून आलं तेव्हा तिथे वाटाण्याएवढी गाठ राहिली. त्यानंतर दोघांनी नियम केला: वाटेत जे येईल ते पुढच्याने ओरडून सांगायचं, मागच्याने "बघितला" म्हणायचं, आणि खडीवर मागे वळून पाहायचं नाही. उत्तर आलं म्हणजे माणूस आहे.

दुखण्यातून उठल्यावर ही त्यांची पहिलीच फेरी होती. आई दारात उभी राहिली.

"जाताय तर जा. पण त्याला पुढे घाल. तुझ्या डोळ्यांसमोर असू दे. आणि जसा नेतेस तसा परत आण."

"जसाच्या तसा," थोरलीने शब्द दिला.

तळं फार जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात होतं. भोवती तांबड्या मातीचे कडे, आत गोल पाणी, आणि पाण्याच्या अगदी काठाने जाणारी काळ्या खडीची वाट. सुट्टीचा दिवस असूनही गाड्या लावायच्या जागी दुसरी गाडी नव्हती. एका पाटीवर लिहिलं होतं की तळाशी अजून ऊब आहे, त्यामुळे कुठेकुठे बुडबुडे येतात, घाबरू नये. शेपटाने पाटी मोठ्याने वाचली.

"घाबरू नये म्हणे! आईला बसवायला हवं होतं इथे."

थोरलीने त्याचं मागचं चाक हवेत फिरवून पाहिलं. फ्रीव्हीलमधली एक स्प्रिंग दमलेली होती. टिकटिक चालता चालता एखादी टिक चुकायची, माणूस लंगडावा तशी. स्प्रिंग मागवली होती, आली नव्हती. एवढ्या फेरीला काही होणार नाही, असं तिने ठरवलं.

"चल, पुढे हो."

"ताई, नको ना. तू मागे असलीस की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मी येतो मागून, नेहमीसारखा."

तिने आईचा शब्द आठवला, आणि मोडला. त्याचा चेहरा इतका खुलला होता की तिच्याने नाही म्हणवलं नाही.

सुरुवात झकास झाली. जाड टायरखाली खडी करकरत होती, ऊन पाठीवर होतं, डाव्या हाताला पाणी होतं. कड्यांवर वारा घोंगावत होता, पण तळ्यावर एक सुरकुती नव्हती. मागून ती लंगडी टिकटिक येत होती आणि थोरलीला ती फार गोड लागत होती.

"खड्डा!"

"बघितला!"

"दगड, उजवीकडे!"

"बघितला! ताई, जरा हळू, म्हातारा झालोय मी!"

ती हसली. पुढे कडा वाटेवर झुकला होता आणि त्याच्या सावलीत गारठा होता. त्या वळणावर वाट पाण्याच्या इतकी जवळून गेली की तिला तिची सायकल पाण्यात उलटी धावताना दिसली. वळण संपलं, पुन्हा ऊन आलं.

"चर!"

"बघितला."

उत्तर आलं, पण मागून नाही. डावीकडून आलं. कड्यावर आपटून आवाज फिरतो, हे तिला ठाऊक होतं. कडा मात्र उजवीकडे होता.

"शेपटा, ठीक आहेस ना?"

टिकटिक मागेच होती, म्हणून ती थांबली नाही. थोडं अंतर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की तिला काय खटकतंय. टिकटिक सरळ होती. एकही टिक चुकत नव्हती. कान देऊन ऐकलं, पुन्हा ऐकलं, घड्याळासारखी चालली होती. आपल्या आपण नीट होणारी सायकल तिने आजवर पाहिली नव्हती.

"दगड!" ती जरा जास्तच जोरात ओरडली.

"बघितला, ताई."

डावीकडून. खालून. काठापासून हातभर आत बुडबुड्यांची एक माळ वर आली होती. तिने पायडल मारलं, माळ पुढे सरकली. तिने वेग कमी केला, माळ मागे राहिली नाही.

उत्तर आलं म्हणजे माणूस आहे, हा नियम त्यांनीच केला होता. माणूस कुठे आहे, हे त्यात नव्हतं.

"खड्डा," ती म्हणाली. पुढे खड्डा नव्हता.

"बघितला, ताई. ताई, थांब ना."

तिने करकचून ब्रेक दाबला आणि वळून पाहिलं.

वाट रिकामी होती.

टिकटिकही थांबली होती.

सायकल टाकून ती मागे धावली. "शेपटा! अरे शेपटा!" काळ्या धुळीत तिच्याच टायरचा पट्टा दिसत होता, दुसरा नव्हता. कोणत्या तोंडाने घरी जाऊ, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. ती रडत होती आणि ते तिला कळत नव्हतं.

सावलीतल्या वळणावरून तो आला. सायकल हाताने ढकलत, सावकाश.

"काय गं?"

"कुठे होतास? उत्तर का देत नव्हतास?"

"देत होतो की."

तिने त्याला घट्ट धरलं. तो गार होता, पण त्या सावलीत कोणीही गार पडलं असतं. त्याचे कपडे कोरडे होते, हातपाय धड होते. तिच्या पाठीमागे पाणी एकदम खळखळलं. तिने तिकडे पाहिलं नाही. मागे पाहायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

"पुढे हो," ती म्हणाली. या वेळी तो निमूट पुढे झाला.

परतीच्या वाटेवर तिची नजर त्याच्या पाठीवरून हलली नाही. तो खड्डे चुकवत होता, दगड चुकवत होता, पण एकदाही ओरडून सांगत नव्हता. त्याच्या सायकलकडे पाहताना डोळ्यांना काहीतरी खुपत होतं, पण माणूस सापडल्यावर सायकल कोण बघतं! बुडबुडे शेवटपर्यंत काठाने आले. वाट पाण्यापासून दूर वळली तिथे ते थांबले, आणि बराच वेळ एकाच जागी येत राहिले.

गाडीपाशी तो म्हणाला, "तू बस. सायकली मी चढवतो."

घरी आईने दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. चहा टाकला. शेपूट खुर्चीवर बसला, आणि आई मागे उभी राहून त्याचा उजवा खांदा चोळू लागली, रोजच्यासारखी.

"अगं, बघ तर!" आई हरखून म्हणाली. "गाठ लागतच नाही हाताला! कशी विरघळली बाई! जसा नेलास त्याहून बरा आणलास."

थोरली कप हातात धरून त्याच्या खांद्याकडे बघत राहिली. शेपूट आईकडे पाहून हसत होता. "सायकली उतरवून खाली दुकानातच ठेवल्यात, ताई," तो म्हणाला. "साखळी वर."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने न सांगता तसं ठेवलं होतं. तिला भरून यायला हवं होतं. ती कप ठेवून जिना उतरली.

दुकानात संध्याकाळचं ऊन आलं होतं. दोन्ही सायकली जमिनीवर शेजारी शेजारी आडव्या होत्या, दोन्हींची तोंडं दाराकडे. तिची डाव्या कुशीवर होती.

त्याची उजव्या कुशीवर होती.

साखळी दोन्हींची वर होती.

मग वाकून तिने त्याच्या सायकलची साखळी बोटाने चाचपली. डावीकडे साखळी असलेली सायकल तिने उभ्या जन्मात हाताळली नव्हती. दांड्यावर कंपनीचं नाव होतं, ते तिने वाचून पाहिलं नाही. मागचं चाक तिने हलकेच फिरवलं. टिकटिक सरळ होती.

वर आई कशाला तरी खळखळून हसली. त्याचंही हसू ऐकू आलं.

कोपऱ्यात पंक्चर बघायचं घमेलं होतं, सकाळी भरलेलं. त्यात ट्यूब नव्हती, काही नव्हतं. पाणी निवांत होतं. थोरली त्याच्यापाशी उकिडवी बसली. आवाज वर जाऊ नये म्हणून तिने तोंड अगदी पाण्याजवळ नेलं.

"खड्डा," ती म्हणाली.

घमेल्याच्या तळातून बुडबुड्यांची एक माळ वर आली.