घरजावयाचं आडनाव

"दार उघडू नकोस, गेशे! त्या ओस्टेनडॉर्फला म्हणावं, केटलरांच्या घरात परक्यांचं काय काम?"

दाराबाहेर उभ्या बेरेंडच्या काळजात चर्र झालं. आत वडील अखेरच्या घटका मोजत होते... आणि पोटचा पोरगा परका ठरला होता! एकदाच, देवा, एकदाच त्यांनी 'बाळ' म्हणून हाक मारावी, याहून दुसरं मागणं नव्हतं त्याचं!

जर्मनीतल्या वेस्टफालियातली रीतच तशी. शेतवाडीच्या वारस मुलीशी जो लग्न करील, त्याने आपलं आडनाव सोडून वाडीचं नाव लावायचं. पाच वर्षांपूर्वी वितळलेल्या तांब्याने त्याच्या वडिलांचा, योस्ट केटलरांचा उजवा हात जळाला, भट्टी विझली, धाकटी भावंडं भुकेने कळवळू लागली. तेव्हा बेरेंड निमूटपणे ओस्टेनडॉर्फ वाडीचा घरजावई झाला. त्या दिवसापासून बापाने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

अखेर बहिणीनेच, गेशाने, कडी काढली.

"आलात का, ओस्टेनडॉर्फसाहेब?" योस्ट धापा टाकत म्हणाले. "केटलर म्हणजे कढया घडवणारे. सात पिढ्यांच्या हातांनी कमावलेलं नाव ते! आणि ओस्टेनडॉर्फ म्हणजे काय, तर गावाच्या पूर्वेकडचं घर. जमिनीपायी बाप टाकलास, आणि एका दिशेचं नाव लावून फिरतोस होय रे?"

बेरेंड टोपी काढून उंबऱ्यातच थांबला.

"पुरे करा, बाबा!" गेशा किंचाळलीच. "चर्चची मदत म्हणून रोज जो पाव मी तुम्हाला भरवला ना, तो दादाच्या वाडीचा होता! तुम्ही त्याचं अन्न शिवणार नाही, म्हणून हे न सांगण्याची मला शपथ घातली होती त्याने. आपल्या पोटासाठी नाव सोडलं हो त्याने!"

"गेशे, अगं..." बेरेंड तिला थांबवू लागला.

योस्ट सुन्न होऊन पोराकडे पाहत राहिले. पाच वर्षं! पाच वर्षं ज्याला शिव्याशाप दिले, त्याच्याच घासावर आपण जगलो... त्यांचा हात अंथरुणावर चाचपडू लागला. बेरेंड धावत जाऊन गुडघे टेकून बसला.

"बाळ... चांडाळ आहे रे मी!"

"असं नका बोलू, बाबा. मी केटलरच आहे, तुमचाच!"

"नाही. ज्या नावाने माझी लेकरं जगवली, त्याला मी आता नावं ठेवणार नाही. सुताराला सांग, माझ्या क्रुसावर कोरायचं..." त्यांना धाप लागली. "योस्ट केटलर... ओस्टेनडॉर्फचा बाप."

बेरेंड त्यांच्या हातावर कपाळ टेकून हमसून हमसून रडत राहिला. तो हात कधी गार पडला, ते त्याला कळलंच नाही.