स्पंदनमेळ

बिडव्यांच्या घरात हल्ली केतकीशी बोलायला कुणी धजत नव्हतं. आईनं शेजारच्या लग्नातल्या जेवणाची तक्रार सुरू केली, की ही पोरगी खांदे सैल सोडायची, जराशी पुढं झुकायची आणि डोळ्यांत अशी काही माया आणून बघायची, की आईला वाटायचं आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि तो हिला आधीच कळलाय. "तो कानमास्तर काढ आधी, मग सांगते," म्हणत आई कुकरकडं वळायची.

कानमास्तर हे लातूरच्या पोरांनी ठेवलेलं नाव. खरं नाव श्रवणमापी. चिंचोक्याएवढं यंत्र, एक ऐकणाऱ्याच्या कानामागं, एक बोलणाऱ्याच्या. एखाद्याचं मन लावून ऐकताना आपला श्वास आणि नाडी हळूहळू त्याच्या लयीत जाते. हा स्पंदनमेळ यंत्र मोजायचं आणि शंभरापैकी गुण द्यायचं. बोललेले शब्द मात्र ते साठवत नसे. खासगीपणाच्या कायद्यानं तशी मनाई होती. बारावीनंतर मानसशास्त्राच्या पदवीला इतकी झुंबड उडायला लागली आणि सगळ्यांचे लेखी गुण इतके सारखे यायला लागले, की विद्यापीठांनी हा मेळच प्रवेशपरीक्षेत आणला. जीवशास्त्र पाठ करता येतं, संख्याशास्त्र घोटता येतं, पण आस्था कशी घोटणार, असा त्यांचा विचार होता.

असा विचार करणारा माणूस लातूरला कधी आलेला नसावा. दोन वर्षांच्या आत बोरोळे सरांनी आस्थेचा क्लास काढला. समोरच्याच्या छातीकडं बघून श्वास जुळवायचा, तो थांबला की मनात आकडे मोजायचे, त्याचा आवाज खाली गेला की मान दोनदा हलवायची. शब्दांच्या नादी लागू नका, असं सर बजावायचे. शब्दांत अडकलात की नाडी बिघडते म्हणे. आणि पोरांचे गुण खरोखरच वाढायचे, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

केतकीला हे सगळं पटत होतं असं नाही. नववीत परीक्षेच्या भीतीनं तिला जेवण जाईना, तेव्हा शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तिला समोर बसवून त्यातून अलगद बाहेर काढलं होतं. तेव्हापासून तिला तेच व्हायचं होतं. आधी पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, मग परवाना, असा सगळा रस्ता तिनं वडिलांना महिनाभर भांडून पटवला होता. त्यांच्या डोक्यात डॉक्टरकी होती. आता पहिल्याच पायरीवर घसरलो तर बाबा काय म्हणतील, या धास्तीनं ती सरांचं निमूट ऐकायची.

परीक्षेच्या आदल्या दुपारी तिला सरावाला माणूस हवं होतं आणि घरात होती फक्त मृणाल, तिची थोरली बहीण. नांदेडहून, सासरहून ती चार दिवसांसाठी म्हणून आली होती, आणि चाराचे किती झाले हे तिच्यासमोर कुणी काढत नव्हतं. केतकीनं यंत्र पुढं केल्यावर ती म्हणाली, बोलू कशावर? केतकी म्हणाली, कशावरही बोल.

मृणाल आधी महागलेल्या भाजीवर बोलली. मग एकदम तिचा आवाज खाली गेला. केतकीनं श्वास जुळवला. कानात गुणांचा बारीक सूर चढायला लागला. मृणाल रडली, थांबली, पुन्हा बोलली. केतकीनं आकडे मोजले, मान हलवली. सूर थांबला तेव्हा गुण होते ब्याण्णव. इतके क्लासात कुणालाच पडले नव्हते. मृणालनं डोळे पुसले, तिचा हात घट्ट दाबला आणि मोकळी होऊन आत गेली. केतकीनं आधी सरांना गुण कळवले.

तासाभरानं ती खोलीत गेली तर मृणाल बॅग भरत होती. संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला निघते, असं तिनं शांतपणे सांगितलं. निनादला, म्हणजे नवऱ्याला, तसं कळवूनही झालं होतं.

"अशी अचानक?"

"अचानक कुठं? तुला विचारलं की, माझंच चुकत असेल का गं. तू मान हलवलीस." मृणाल साडीची घडी घालत होती. "बरं झालं. इतकं मन लावून ऐकलंस, आणि तुलाही तसंच वाटलं. म्हणजे तसंच असणार."

केतकी आठवायला लागली. भाजी आठवली. बहिणीच्या गळ्याची हलणारी शीर आठवली, श्वास आठवला, रडण्याआधी ती किती वेळ गप्प होती तेही आठवलं. त्यापुढचा शब्द एकही आठवेना. यंत्रात सुरेख आलेख होता, दोन रेषा एकमेकींना धरून चाललेल्या, पण शब्द त्यातही नव्हते. नुसतं जाऊ नकोस म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण कशाच्या जोरावर म्हणणार?

"ताई, मी ऐकलंच नाही," ती म्हणाली. "मी तुझे श्वास मोजत होते."

मृणालला आधी चेष्टा वाटली. मग ती पलंगावर बसली.

"पण मला बरं वाटलं होतं गं," ती म्हणाली. "इतक्या महिन्यांत पहिल्यांदा."

केतकीला रडू फुटलं. पुन्हा सांग म्हणून तिनं गळ घातली. मृणाल म्हणाली, ते काही दोनदा सांगायचं नसतं, तू जा अभ्यासाला. केतकी गेली नाही, तिथंच फरशीवर बसून राहिली. आणि उशिरानं, तुटक तुटक, मृणालनं सांगितलं. निनाद हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. तो अबोला धरतो. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून, माहेरी फोन लांबला म्हणून, आठवडेच्या आठवडे. ती समोर उभी असताना तो आईला सांगतो, तिला पाणी आणायला सांग.

केतकीनं मध्येच तोडलं. आम्हाला का सांगितलं नाहीस, असं विचारू नये ते विचारलं. निनादला शिव्या दिल्या. मृणाल चिडली, मला पुरतं बोलू तर दे म्हणाली. सरांनी बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता. पण या खेपेला केतकीच्या कानांतून काही सुटलं नाही.

शेवटी मृणालनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"मला नाही वाटत तुझं चुकलं," केतकी म्हणाली. "जायचं की नाही, ते मात्र मला सांगता येणार नाही."

मृणालनं भरलेली बॅग पायानं पलंगाखाली सरकवली. आज नाही जात, उद्याचं उद्या, एवढंच म्हणाली. मग तिनं बहिणीला विचारलं, तू जाणार ना परीक्षेला? केतकी म्हणाली, जाणार. आणि सरांनी शिकवलं तसं केलंस तर पास होशील? केतकी हळूच हो म्हणाली.

"होशील, आणि उद्या मोठी मानसशास्त्रज्ञही होशील," मृणाल म्हणाली. "तुझ्यासमोर माझ्यासारखी कुणीतरी येऊन बसेल, जिच्याशी वर्षभर कुणी धड बोललेलं नसेल. तुझी मान हलली की ती उठेल आणि गुमान त्या घरी परत जाईल. तू काय ऐकलंस, हे तुला तेव्हा कोण विचारणार गं?"