दापोलीची रोपं

"अहो, तुमच्या शेळीनं माझं रोप खाल्लं!"

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात, एवढ्या कल्ल्यात, कुणीतरी माझ्यावर ओरडलं. विकायला आणलेल्या शेळीचं दावं ओढत मी गर्रकन वळले. समोर ताडमाड उंच एक बाप्या, हातात शिवणीचं निम्मं खाल्लेलं रोप. आधी त्याचे डोळे दिसले... मग मोटारसायकलला टांगलेली, सरकारी बीजबागेची चिठ्ठी लावलेली बाकीची रोपं दिसली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बीजबागेतले साहेब तुम्हीच का?"

"हो. मी केदार. आणि आपण?"

"मी बाना. तुमच्या बियाण्यानं जिचं नाक कापलं, ती!"

कापलंच होतं. गारखेड्यात माझी रोपवाटिका, पण घर आमचं मेंढरांचं. गावाकडचा उघडा डोंगर हिरवा करीन म्हणून मुंजाबाकाकाच्या पाया पडले, तेव्हा कुठं त्यानं मेंढरं तिथनं हलवली. चराई सोडणं म्हणजे काय, ते मेंढरावाल्यालाच इचारा! बीजबागेच्या बियांची रोपं लावली. दिवाळीला कमरेएवढी झाली, मी गावभर मिरवले. थंडीत शेंडे काळे पडले, मे महिन्यात उरलीसुरली वाळून गेली. काका एवढंच बोलला, "अजून एक साल. मग मेंढरं डोंगरावर. पुन्हा झाडाचं नाव काढायचं नाय."

हे सगळं मी भर बाजारात त्याच्या अंगावर ओतलं. माणसं जमली. तो मात्र हातातल्या रोपाकडं बघत राहिला.

"झाडं तीच हो," तो हळूच म्हणाला. "बी धरायला त्याच झाडांची कलमं दोन बागांत लावलीत. एक बाग इथं, चौक्याच्या घाटाजवळ. दुसरी कोकणात. तिकडचं बी टपोरं, म्हणून तुम्हाला ते दिलं. बी ज्या हवेत भरतं, ती हवा रोपाच्या अंगात उतरते असं वाचलं होतं, पण... इतकी उतरत असेल असं वाटलं नव्हतं."

"मग सरळ सांगा ना! आई तीच, पण बाळंतपण तिकडं झालं. दमट हवेत, लाडात! थंडी आली, आता वाढ थांबवावी, हे त्या लेकराला कळावं तरी कसं?"

तो हसला. मला असा राग आला म्हणता!

पावसाळ्यात खरंखोटं करायला आम्ही डोंगरावर दोन्ही रोपं लावली. एक ओळ कोकणच्या बियांची, एक चौक्याच्या. तो दर रविवारी येई, स्वतः खड्डे खणी.

"तुम्ही मूळचे कुठले?" मी एकदा इचारलं.

"दापोलीकडचा."

"वाटलंच! उंच, नाजूक, न् पहिल्या उन्हात माना टाकणारे."

"बघू की," तो म्हणाला. "मला काही शेळी खात नाही."

"शेळी नाय खात... मी खाईन."

बोलून बसले आणि कान तापले. मी कुदळ त्याच्या पायाशी आदळली आणि घमेलं घेऊन पलीकडं गेले.

दिवाळीनंतर चौक्याची रोपं वाढायची थांबली. गुडघ्याएवढी, रुसल्यासारखी. कोकणची आपली वाढतायत, वाढतायत. मग थंडीच्या एका रात्रीत त्यांचे शेंडे काळे पडले. केदार खाली बसला, काळा शेंडा बोटांत धरून. मी जिंकले होते, पण त्याचं तोंड बघवेना.

"मफलर कुठंय?" मी खेकसले. "असल्या गारठ्यात असंच येतात व्हय?" आणि माझी शाल त्याच्या अंगावर फेकली. ती त्यानं काही परत केली नाय.

मे महिन्यात पाण्याचे हंडे वाहता वाहता तो चक्कर येऊन पडला. माझा जीव गेला. तोंडावर पाणी मारलं, खिशात कांदा कोंबला, आणि डोळे उघडल्याबरोबर शिव्या घातल्या. "मरायचंय का? जा तुमच्या दापोलीला!"

"जाऊ...?"

"गेलात तर तंगडं मोडीन!"

महिना सरता सरता काका मेंढरं घेऊन आला. डोंगराच्या पायथ्याला कळप थांबवून एकटाच वर चढला. कोकणच्या ओळीत नुसत्या काड्या. चौक्याच्या रोपांना, एवढ्या उन्हात, बोटबोट हिरवे फुटवे. काकानं एक फुटवा चिमटीत धरून बघितला. मग खाली हाक दिली, "मेंढरं वढ्याकडं वळवा रं!"

मला रडू फुटलं. केदार जवळ आला. नाक सोललेलं, कातडी काळवंडलेली.

"आणि मी? टिकलो का?"

"टिकलात! पण एक सांगून ठेवते. बाळंतपणाला मी दापोलीला येणार नाय. माझी लेकरं इथंच—"

मी जीभ चावली. या बाबानं अजून लग्नाचं काढलंसुद्धा नव्हतं!

"मी... आज विचारणारच होतो," तो म्हणाला.

"मग इचारा की! माणसानं किती वाट बघायची?"

काका पाठमोरा उभा होता. तसाच बोलला, "पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय, बाने. त्यात भांडायचं काय? आधी त्याला हो तर म्हण."

मग म्हटलं हो. रागातच म्हटलं.