हयात नटाचा मृत्युलेख

दातांच्या दवाखान्यात तिच्या शेजारच्या खुर्चीवर जो उंच म्हातारा गालावर रुमाल दाबून बसला होता, त्याचा मृत्युलेख अर्धा लिहून ऑफिसात तिच्या टेबलावर पडला होता.

यात विपरीत काही नव्हतं. वर्तमानपत्रात थोरामोठ्यांचे मृत्युलेख ते हयात असतानाच तयार ठेवावे लागतात, आणि ते काम तिच्याकडे होतं. ऑफिसात तिला सगळे चित्रगुप्त म्हणत. पन्नाशी ओलांडली होती, लग्न राहून गेलं होतं, आणि कुणाबद्दलही गरजेपेक्षा एक विशेषण जास्त वापरायची तिला सवय नव्हती.

संधी सोडणं मात्र तिच्या रक्तात नव्हतं.

"माफ करा... तुमचं पहिलं नाटक नक्की कसं मिळालं?"

नटाने तिच्याकडे पाहिलं. ज्या आवाजावर नाट्यगृहं भरत, तो इंजेक्शनने बधिर झालेल्या जबड्यातून ओघळला. "कछाला हवंय?"

"लेख लिहितेय. तीन मुलाखतींत तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात."

"कछला लेख?"

खोटं बोलावं, असं तिच्या मनात आलं. पण जमलं नाही. "तुम्ही गेल्यावर छापायचा."

तो इतका हसला, की रुमाल खाली पडला. दोघंही उचलायला वाकले... डोकी आपटता आपटता राहिली.

दुसऱ्या दिवशी जबडा ताळ्यावर आल्यावर त्याने तिच्या ऑफिसात फोन केला. "चित्रगुप्तबाई आहेत का?"

"हे नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या ऑपरेटरने. नाटकाचं खरं ऐकायचंय? या तालमीला."

ती गेली. तालमीच्या हॉलमध्ये पंखा कुरकुरत होता आणि कपातला चहा कोमट होता. खरी गोष्ट अगदी साधी निघाली. मुख्य नट आजारी पडला आणि त्याचा अंगरखा कंपनीत फक्त ह्याच्याच अंगाला बसला.

"म्हणजे अभिनय वगैरे...?"

"तो नंतर शिकलो. आधी बाह्या नीट बसल्या."

तिने लिहून घेतलं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, हे तिला कळत होतं.

मग त्याला रोज काही ना काही आठवू लागलं. रंगभूमीवर तो राजा होता, पण सिनेमात... "आधी नायकाचा मित्र झालो, मग भाऊ, मग बाप. नायक मात्र तोच!"

"वाईट वाटलं?"

"चिक्कार. पण पैसे बापाच्या कामाचेच वेळेवर मिळायचे."

बायको गेल्याला बरीच वर्षं झाली होती, मुलगी सासरी सुखात होती. हे सांगताना त्याने आवाज लावला नाही. तिने ते टिपलं, आणि नंतर खोडलं. का खोडलं, ते तिचं तिलाच उमगेना. लेख मात्र सुंदर उतरत होता. इतकं चांगलं तिने आजवर कुणावरच लिहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी तालीम संपली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. पायरीवर थांबून त्याने विचारलं, "शेवटची ओळ काय आहे हो लेखाची?"

"मागे कोण कोण आहे, ते."

"मग कोण आहे?"

"मुलगी, जावई."

"आणि—" राजाचे संवाद कधी न अडखळलेला माणूस अडखळला. "तुम्ही हो म्हणालात, तर एक नाव वाढेल."

तिने छत्री उघडली. पुन्हा मिटली. "आमच्याकडे नियम आहे. घरच्या माणसावर आपण लिहायचं नाही. ते नाव वाढलं तर लेख माझ्या हातून जाईल."

"चांगला झालाय?"

"माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला."

"मग पंचाईत आहे." तो हसला, पण डोळे तिच्यावरून हलले नाहीत. "एक तर माझ्यामागे माझ्यावर छान लिहा, नाहीतर मी आहे तोवर माझ्याबरोबर चहा प्या. दोन्ही जमणार नाही, असं दिसतंय."

"विचार करते," ती म्हणाली आणि भिजत बसस्टॉपवर गेली.

सकाळी तिने संपादकांच्या टेबलावर सगळे कागद ठेवले. "हा लेख दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का? बरे आहेत ना ते?"

"ठणठणीत."

"मग? अहो ताई, तुमच्याइतकं कुणाला जमणार आहे? पोरं दहा विशेषणं लावून वाट लावतील त्याची."

"लावू देत."

"कारण काय पण?"

"घरच्या माणसावर लिहायचं नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

संपादकांनी चष्मा काढला. तो पुसून परत लावला, तरी ती तशीच समोर उभी होती, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेली.

"अरेच्चा! आणि त्यांना काय म्हणालात?"

"अजून काहीच नाही," ती पर्स खांद्याला अडकवत म्हणाली. "निघालेच आहे. सांगून येते."