तिसऱ्या भुलीनंतर

दार लोटून घ्या आधी. हं. आता हसायचं नाही. हे ज्यांच्या बाबतीत घडलं त्या वहिनी आमच्या समोरच राहायच्या, आणि पदरचं घालून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

वहिनी शिवणकाम करायच्या. हॉस्पिटलातल्या ऑपरेशनच्या हिरव्या चादरी, डॉक्टरांचे झगे, सगळं त्यांच्याच मशिनवर व्हायचं. नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. संध्याकाळी पावणेआठला त्या चादरींचं गाठोडं पोचवायला गेल्या. नऊ वर्षांचा मुलगा सोबत होता. त्याला खाली वॉचमनकाकांजवळ बसवलं नि जिना चढायला लागल्या.

डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. दुपारी धाकटी जाऊ निकालपत्रक नाचवत आली होती. दोघींची मुलं एकाच महिन्यातली. "आमच्याचं एकदा वाचलं की पाठ, बाई! तुमचा अजून जोडाक्षरांनाच अडतोय का हो?" वहिनी वरवर हसल्या, पण आत नुसता जळफळाट. त्या पोराच्या हुशारीचा हेवा. जाऊबाईच्या निवांत झोपेचासुद्धा.

वहिनींच्या मुलाची तोंडातली टाळू जन्मतःच दुभंगलेली. दोन वर्षांचा व्हायच्या आत याच हॉस्पिटलात तीन ऑपरेशनं झाली, तिन्ही वेळा पूर्ण भूल. पुढे तो अभ्यासात मागे पडायला लागला, तेव्हा त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं होतं.

"भुलीमुळेच झालं का हो हे?"

"एकदा, थोड्या वेळापुरती भूल दिल्यानं मुलं मागे पडतात असं दिसलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हापुन्हा दिली तर काय, ते अजून कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. पण ऑपरेशन केलं नसतं, तर तो धड जेवला-बोलला नसता."

वहिनींच्या मनात रुतून बसलं ते मधलंच वाक्य. तीनदा भूल दिलीच नसती तर माझा पोरगा कसा झाला असता? रात्रंदिवस तेच.

तिसऱ्या मजल्यावर सिस्टर गाठोडं घेऊन आत गेल्या. वहिनी बाहेर थांबल्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून पाढा ऐकू आला. एकोणतिसाचा. कुठं अडखळणं नाही. आणि आवाज... थोडा नाकातला. ओळखीचा.

त्यांनी दार ढकललं. बाकावर मुलगा बसला होता, पाठमोरा. डोक्यावर तोच भोवरा. तीच उंची.

"अरे, तू वर कसा आलास?"

पाढा थांबला.

"मी खाली गेलोच नाही, आई."

...

"तिसऱ्या वेळी तू त्याला उचलून नेलंस. मी झोपलो होतो."

वहिनींनी दाराची चौकट धरली.

"मला सगळं येतं. काकूच्या मुलापेक्षा जास्त." आवाज बारीक झाला. "तू त्याचे केस विंचरतेस. त्याला कुशीत घेतेस. त्यालाच का?"

...

"मला ने. त्याला इथं ठेव."

इथं वहिनी सांगताना मान खाली घालायच्या. कारण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे जाऊचं तोंड आलं. हा हुशार पोरगा पाहून पडलेलं, पांढरंफटक. आणि त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

गार बोटं. करंगळीभोवती.

घट्ट.

ते डोकं हळूहळू वळायला लागलं...

"आ... आई!" जिन्यातून हाक आली. "मला... भी... भीती वाटतेय."

वहिनींनी हात हिसडला. "तो माझा आहे! तोच!" एवढं ओरडल्या, आणि धावल्या. मागे पाहिलं नाही. जिन्यात पोराला उचललं, नऊ वर्षांच्या घोड्याला, आणि घरापर्यंत कडेवरून उतरवलं नाही. तो बिचारा विचारत राहिला, "काय झालं, आई?"

त्याला निजवून त्या दिव्याखाली आल्या, तेव्हा बोटाकडे लक्ष गेलं.

करंगळीत प्लास्टिकची पट्टी रुतली होती. हॉस्पिटलात तान्ह्या बाळांच्या मनगटाला बांधतात ना, तसली. निघेना. कात्रीनं कापावी लागली.

तिच्यावर आईचं नाव होतं. वहिनींचंच.

बाळाच्या नावाची जागा कोरी.

आणि जन्माची तारीख... त्याच दिवसाची, अकरा नोव्हेंबर. शाई अजून ओली होती.