निहारसाठी कुणाच्या पेशी?

यंत्रमानवाने आई-बाबांना गोड बोलून बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं, तेव्हा शर्वाणीची खात्रीच पटली. इथे कुठेतरी पाणी मुरतंय! अकरा वर्षांच्या मुलीशी असं एकटीशी काय बोलायचं असतं?

रुग्णालयातल्या या यंत्रमानवाचं नाव सोबती. सोबती म्हणे! तिला ते नावसुद्धा लबाड वाटलं. शेजारच्या खोलीत तिचा सहा वर्षांचा भाऊ निहार होता. त्याला थॅलेसेमिया (रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार) होता. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागे. सुई बघून तो आता रडतही नसे, आणि याचंच तिला फार वाईट वाटे.

"त्याला तुझ्या अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या पोकळीतल्या मऊ गरातल्या) मूळपेशी हव्या आहेत," सोबती म्हणाला. "रक्ताच्या साऱ्या पेशी त्यांच्यापासूनच बनतात."

"थापा नकोत! निहार जन्मला तेव्हा त्याच्या नाळेतलं रक्त साठवलंय. कागद पाहिलाय मी. त्यातही मूळपेशी असतात. ते कुठे गायब केलंत?"

"जागेवरच आहे. पण त्या पेशी त्याच्याच. बिघाड जन्मापासूनचा, म्हणजे त्यांच्यातही तोच."

"मग दुसऱ्या बाळाच्या नाळेतलं द्या."

"एक पाकीट आहे, गोठवून ठेवलेलं. नाळेतल्या पेशी कोवळ्या असतात, जुळणी थोडी कमी असली तरी चालवून घेतात. पण पाकिटात त्या थोड्याच. रुजायला वेळ लागतो, आणि तोवर अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी नसल्याने साधा तापही निहारच्या जिवावर बेतू शकतो. मज्जेतल्या पेशी भरपूर मिळतात, लवकर रुजतात. जुळणी मात्र नेमकी लागते. तुझी तंतोतंत जुळते."

"दुखेल?"

"घेताना तू झोपेत असशील. नंतर कंबर काही दिवस चांगलीच ठणकेल."

घरातल्या सगळ्यांनी 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं सांगितलं होतं. शर्वाणीने सोबतीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तुझी मज्जा घेता येणार नाही, एवढंच बाहेर सांगेन. का, ते कुणालाही सांगणार नाही. देणाऱ्याला एकटं गाठून विचारायचं, हा इथला नियम आहे. म्हणून तर दार लावलं."

तिचा संशय विरला. भीती मात्र होती तेवढीच उरली.

"घ्या माझी," ती म्हणाली. "पण ते पाकीट टाकून देऊ नका. कुणाला तरी बहीण नसेल."